तीस पावलांचा शेवट

सुरुवात काय, कोणीही करतो. शेवट मात्र फक्त आपल्यालाच करता येतो, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. लग्न होऊन मी पुण्याहून बंगळुरात आलो, कोरमंगलात दोन खोल्या घेतल्या, आणि पहिल्याच रविवारी बायको मला बनशंकरीला मामांकडे घेऊन गेली. मामांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि बायकोला म्हणाले, "ठीक आहे. पण पक्कं मत मी निघताना देईन." आम्ही निघालो तेव्हा ते खरोखरच दारापर्यंत आले, मी चपला कशा घालतो ते पाहिलं आणि मान डोलावली. मी पास झालो होतो. त्यांचा तो पेशाच होता. एका सरकारी कारखान्यात मोठमोठी यंत्रं बनत आणि बनलेलं यंत्र लॉरीवर चढण्याआधी शेवटचं तपासण्याचं काम तीस वर्षं मामांकडे होतं. त्यांची सही झाल्याशिवाय ड्रायव्हर इंजिन चालू करत नसे. "बनवायला शेकडो माणसं लागतात, जावईबापू," ते म्हणत, "पण झालं म्हणायला एकच."

हा 'झालं' म्हणण्याचा अधिकार त्यांनी कारखान्याबाहेरही सोडला नाही. लग्नात ते पहिल्या पंगतीला कधी बसत नसत. शेवटच्या पंगतीच्या शेवटच्या पानावर बसत आणि ताक तिथपर्यंत दाट पोचतं की पाणी होऊन पोचतं, यावर त्या लग्नाचा निकाल देत. आमच्या मराठी मंडळाचं नाटक झालं की दिग्दर्शकाला दुसऱ्या दिवशी मामांचं पोस्टकार्ड जाई: 'पडदा चार सेकंद उशिरा पडला. नायिका मेल्यावर नाक खाजवताना दिसली.' सगळ्यात जास्त राग त्यांना मराठी माणसाच्या निरोपाचा. "निघतो म्हणतात, मग उठतात, मग दारात उभे राहतात, मग जिन्यात, मग फाटकाशी! अहो, निघता ना, मग निघा!" ते स्वतः 'निघतो' म्हणाले की तो शब्द संपायच्या आत त्यांचा एक पाय जिन्यावर असे. माझी आई एकदा पुण्याहून आली होती. ती त्यांना आपल्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगत होती, भूल दिली इथपर्यंत आली होती, आणि घड्याळात सहा वाजले. मामा "निघतो" म्हणाले आणि गेले. आईला ते ऑपरेशन पुढे कोणालाच नीट सांगता आलं नाही.

स्वतःच्या निवृत्तीचा समारंभ त्यांनी स्वतः आखला होता, हे वेगळं सांगायला नको. साहेबांच्या भाषणाला सात मिनिटं, हाराला एक, आभाराला दोन, आणि मग भोंगा. कारखान्याचा पाळी सुटल्याचा भोंगा बरोबर त्यांच्या शेवटच्या वाक्यावर वाजला पाहिजे, अशी ती योजना. साहेब लांबले. मामांनी त्यांच्या कोटाची बाही मागून हळूच ओढली, साहेब वाक्य अर्धं टाकून बसले, मामांनी आपलं वाक्य म्हटलं, भोंगा वाजला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत मामी बसल्या होत्या, त्या एवढ्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. "मेलं, यांना भोंग्याशीच लग्न लावायचं होतं," असं त्या मला परतताना टॅक्सीत म्हणाल्या.

आता मामींविषयी सांगायलाच हवं, कारण देवानं अशा माणसाला अशी बायको द्यावी हा एक चमत्कारच होता. मामींना शेवट ही गोष्टच ठाऊक नव्हती. त्यांच्या घरात चार स्वेटर होते आणि एकालाही दुसरी बाही नव्हती. त्या गोष्ट सांगायला लागल्या की त्यातून दुसरी निघे, दुसरीतून तिसरी, आणि पहिलीतल्या सुनेचं पुढे काय झालं हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांचं दार दिवसभर सताड उघडं असे. दुपारी चारनंतर त्या पहिल्या मजल्यावरच्या लांब गॅलरीत बायकांचा मेळा भरे. मंडळातल्या चारपाच जणी, समोरची तमिळ मास्तरीण, आणि खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, अंगानं भरभक्कम, जिना चढताना प्रत्येक पायरीला "अय्यो" म्हणणाऱ्या अक्का. अक्का कन्नड बोलत, मामी मराठी, आणि वीस वर्षांत एकीचं दुसरीला कळलं नाही असं एकदाही झालं नाही. "निघते हं," असं म्हणून बायका उठत आणि मग तासभर फाटकाशी उभ्या राहून बोलत. वर मामा घड्याळ हातात घेऊन येरझाऱ्या घालत. "अजून निघतातच आहेत!" ते मला म्हणत. चिडचिड करीत, पण मामी वर येईपर्यंत चहाला हात लावत नसत.

मामा निवृत्त झाल्यावर सहाच महिन्यांत मामींना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा त्यांच्याकडे मोजून पाचसहा शब्द उरले होते, तेही मध्येच अडकणारे. एवढ्या बोलक्या बाईवर देवानं असा घाव घालावा याचा मला तेव्हा फार राग आला होता, आणि आजही तो गेलेला नाही.

मामांनी मात्र रागावण्यात वेळ घालवला नाही. एका धर्मादाय दवाखान्याच्या व्यायामकेंद्रात त्यांनी मामींना चार महिने नेलं, तिथल्या बाईंनी शिकवलेला एकेक व्यायाम वहीत आकृती काढून उतरवला, आणि मग घरीच ते काम हाती घेतलं. भिंतीवर वेळापत्रक लागलं. पहाटे हात, नऊला पाय, अकराला जीभ, चारला चालणं. ते मामींना न्हाऊ घालत, वेणी घालत; आधी ती वेणी पार सैल होई, पुढे पुढे इतकी चापूनचोपून बसे की मामींच्या भुवया वर ओढल्या जात. हे सगळं त्यांनी एकट्यानं केलं, कंटाळा न करता केलं, आणि ते आठवलं की मला आजही त्यांच्या पाया पडावंसं वाटतं. पण त्यांनी आणखीही एक गोष्ट केली. दार बंद केलं. चारला चालण्याची वेळ, आणि बायकाही नेमक्या चारलाच येणार. "तिला दमवू नका," मामा दारातूनच सांगत. "बरी होऊ द्या, मग बसा काय ते." मंडळातल्या बायका दोनचारदा आल्या आणि मग यायच्या थांबल्या. अक्का मात्र येत राहिल्या. "स्वल्प नोडतेनी," थोडं बघते नुसतं, असं त्या कन्नडात विनवत, आणि मामा हात जोडून "नंतर, अक्का, नंतर" म्हणत. मग प्रत्येक पायरीला "अय्यो" ऐकू येत येत खाली जाई. दोन वर्षं हे असं चाललं.

मग मंडळाच्या चिटणिसांनी एक चांगला विचार मांडला. त्या व्यायामकेंद्राला मदत म्हणून एका रविवारी सकाळी बनशंकरीच्या देवळापासून जयनगरातल्या एका शाळेपर्यंत सगळ्यांनी चालत जायचं, आणि चालणाऱ्यांनी आपापल्या ओळखीपाळखीत देणग्या गोळा करायच्या. बैठकीला मामा होते. सगळं ठरलं, लोक उठायला लागले, तेव्हा मामा म्हणाले, "शेवट काय आहे?"

"शेवट म्हणजे?" चिटणीस म्हणाले. "लोक चालत येतील, केळं खातील, घरी जातील."

"केळं हा शेवट नव्हे," मामा म्हणाले, आणि तो विभाग तिथल्या तिथे त्यांच्याकडे आला.

पुढचे तीन महिने मामा परत नोकरीला लागल्यासारखे दिसत होते. सायकलच्या पुढच्या चाकाला फडकं बांधून आणि फेरे मोजत त्यांनी सगळा रस्ता दोनदा मापला. तुतारीवाला बंगळुरात मिळेना, म्हणून देवळातल्या नादस्वरवाल्याला ठरवलं आणि त्याला बजावलं, की शेवटाची फीत तुटेपर्यंत काही झालं तरी थांबायचं नाही. "सरी, सरी," बरं बरं, असं तो म्हणाला. फोटोची जबाबदारी माझ्यावर होती. रोलमधले शेवटचे तीन फोटो शिल्लक ठेवायचे, हे मामांनी मला एकाच फोनवर तीनदा सांगितलं. पण हा सगळा बाहेरचा थाट होता. खरा बेत त्यांनी मला आणि माझ्या बायकोला गॅलरीत नेऊन, दार लावून, हळू आवाजात सांगितला. शाळेच्या फाटकाला फीत. फितीपासून तीस पावलांवर खुर्ची. खुर्चीवर मामी. सगळे चालणारे कोपऱ्यावर थांबतील. नादस्वर सुरू होईल. मामी उठतील, कोणाचाही हात न धरता तीस पावलं चालतील आणि फीत तोडतील. "मग सगळ्या बंगळुराला कळेल की ती बरी झाली," मामा म्हणाले. "मग मला 'झालं' म्हणता येईल, जावईबापू."

त्यानंतरचे सगळे रविवार आमचे त्या गॅलरीत गेले. मामांनी खडूनं तीस रेघा मारल्या होत्या. फीत म्हणून मी आणि बायको तिची ओढणी दोन टोकांना धरून उभे राहत असू. मामा शिट्टी वाजवत. मामी डाव्या हातात काठी घेऊन उठत, उजवा पाय फरफटत ओढत, आणि एकेक रेघ ओलांडत. पहिल्यांदा त्या सात पावलं आल्या. मग अकरा. मग सोळा. जिथे थांबत तिथे मामा तारीख लिहीत. त्यांच्या कपाळावर घाम येई तो मामींपेक्षा जास्त.

असाच एक रविवार. मामी सव्वीस पावलं आल्या होत्या. मामा वही आणायला आत गेले. माझी बायको स्वयंपाकघरात होती. मी मामींना खुर्चीवर बसवलं, आणि त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. "जावई," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ तोंडातल्या तोंडात शब्द शोधला. "त्या... येतील?"

"कोण, मामी?"

त्यांनी बंद दाराकडे बोट केलं. "सगळ्या."

"तुमच्या मैत्रिणी? त्या दिवशी? येतील की! सगळ्या चालणार आहेत."

त्यांनी मान हलवली, मला नीट कळलं नाही म्हणून. मग मोठ्या कष्टानं एकेक अक्षर जुळवत म्हणाल्या, "बस... तील?"

मला कळलं. अगदी स्वच्छ कळलं. त्यांना फीत नको होती, तीस पावलं नको होती, बंगळुराला काही कळवायचं नव्हतं. चार वाजता दार उघडावं आणि कोणीतरी येऊन शेजारी बसावं, एवढंच त्यांना हवं होतं. मी म्हटलं, "मी मामांशी बोलतो." त्यांनी माझं मनगट सोडलं. एवढ्यात मामा वही घेऊन बाहेर आले. "सव्वीस!" ते म्हणाले. "जावईबापू, सव्वीस! चारच राहिली!" त्यांचा चेहरा असा उजळला होता की माझी जीभ उचललीच नाही. घरी आल्यावर मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, मग सांगायचं ना त्यांना." मी म्हटलं, कार्यक्रम होऊन जाऊ दे, मग सांगतो. माझा स्वभावच तसा आहे. अवघड गोष्ट मी नेहमी पुढच्या आठवड्यावर ढकलतो.

कार्यक्रमाच्या सकाळी हवा छान गार होती आणि जयनगरच्या त्या रस्त्यावरची झाडं गुलाबी फुलांनी लहडली होती. मी आणि चिटणिसांनी मामींना खुर्चीसकट जिना उतरवून टॅक्सीनं आणलं होतं. हिरवं जरीकाठी पातळ, चापूनचोपून वेणी, वेणीत मामांनी माळलेला मोगरा. चालणारे काही मामांच्या हिशेबाप्रमाणे एकदम आले नाहीत. कोणी धावत आले, कोणी कॉफी पिऊन रमतगमत आले, तेव्हा मामांनी सगळ्यांना कोपऱ्यावर दोरी लावून अडवून धरलं. शेवटी शेवटचा माणूस आला. मामा फितीपाशी जाऊन उभे राहिले. शिट्टी झाली. नादस्वर सुरू झाला. मामी उठल्या.

मी कॅमेरा डोळ्याला लावला होता, त्यामुळे मला सगळं त्या छोट्या चौकटीतून दिसलं. एक पाऊल, काठी, एक पाऊल. नादस्वर सोडला तर रस्ता अगदी शांत. दहा. पंधरा. मामांचे ओठ मोजताना हलत होते. एकोणिसावं पाऊल पडलं आणि मागून आवाज आला, "अय्यो!" अक्का दोरीखालून वाकून बाहेर आल्या होत्या. त्या वयात, त्या देहानं त्या अक्षरशः धावत सुटल्या. "कूत्कोळ्ळी, कूत्कोळ्ळी!" बसा, बसा, असं त्या ओरडत होत्या आणि रडत होत्या. मामींनी मान वळवली. अक्कांना पाहिलं, त्यांच्या मागे दोरी ओलांडून येणाऱ्या सगळ्या जणींना पाहिलं, डावीकडची काठी अक्कांच्या हातात दिली आणि स्वतः त्यांच्या अंगावर रेलल्या. कोणीतरी खुर्ची आणली. मामी बसल्या. आणि मग त्या सगळ्या बायका, चांगल्या साड्या नेसलेल्या, भर रस्त्यात फतकल मारून त्यांच्याभोवती बसल्या. कोणी त्यांचा हात धरला होता, कोणी पाय दाबत होतं, सगळ्या एकदम बोलत होत्या. मामी एखादा शब्द म्हणत, आणि बाकीचं वाक्य चौघी मिळून पुरं करत. मामी हसत होत्या. अर्धाच चेहरा हलत होता, पण आवाज पुरता हसण्याचा होता. दोन वर्षांत मी तो ऐकला नव्हता.

मामांनी शिट्टी वाजवली. पुन्हा वाजवली. कोणी ऐकलं नाही. पुरुषमंडळी थोडा वेळ ताटकळली आणि मग फितीखालून वाकून केळ्यांकडे गेली. फीत तशीच राहिली. नादस्वरवाला, सांगितल्याप्रमाणे, थांबेना. त्याचे गाल लाल झाले, डोळे बाहेर आले, पण तो वाजवतच राहिला, अखेर चिटणिसांनी जाऊन त्याचा खांदा धरला. मी मामांकडे गेलो. ते फितीचं एक टोक धरून उभे होते. "अकरा राहिली," ते म्हणाले. बस, एवढंच.

मला वाटलं होतं, आता त्यांना आपोआप कळेल, माझं काम परस्पर होऊन जाईल. पण तीस वर्षांची सवय एका सकाळीत सुटत नाही. संध्याकाळी ते वही उघडून बसले होते. "पुढच्या वर्षी बायकांना फाटकाच्या आत उभं करायचं," ते म्हणाले. बायका दुसऱ्या दिवशी चार वाजता घरी आल्या, तेव्हा मामांनी त्यांना परत पाठवलं नाही, हे खरं. पण वेळ ठरवून दिली: साडेचार ते पाच. पाचला ते पितळेची घंटा वाजवत. बायका निमूट उठत. मामी तीन वाजल्यापासून घड्याळाकडे बघत बसत, असं माझी बायको सांगे. मी तेव्हाही काही बोललो नाही. जूनमध्ये मामींना दुसरा झटका आला आणि त्यात त्या गेल्या.

तेराव्याला सगळ्या बायका आल्या. जेवणं झाली, पुरुष गेले, बायका गॅलरीत बसल्या. चार वाजले, पाच वाजले, सहा वाजले. कोणी उठलं नाही. आतल्या खोलीत मी आणि मामा बसलो होतो. बाहेर त्या मामींच्या गोष्टी एकमेकींना सांगत होत्या, एकीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, मध्येच हसत होत्या, मध्येच डोळे पुसत होत्या. मामा कान देऊन ऐकत होते. दिवेलागणीला अक्का उठल्या, आत आल्या, मामांच्या डोक्यावर हात ठेवला आणि जिना उतरून गेल्या.

मग मामा म्हणाले, "तिला बसायचं होतं. नाही का हो?"

मी समोरचा पाण्याचा तांब्या उगाच थोडा सरकवला.

"दोन वर्षं मी तिला चालवत होतो. पाय ओढत, घाम गाळत चालवलं तिला. आणि तिला नुसतं बसायचं होतं." ते माझ्याकडे वळले. "जावईबापू, तुम्ही दर रविवारी यायचात. तुमच्याशी ती बोलायची थोडंफार. तुम्हाला तिनं कधी असं काही सांगितलं होतं?"

माझं मनगट त्या वेळी खरोखर दुखायला लागलं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मी "हो" म्हटलं असतं तर त्यांना आणखी किती लागलं असतं, आणि मला किती, याचा मी त्या एका क्षणात विचार केला. त्यात त्यांचा विचार किती होता आणि माझा किती, हे मला आजही प्रामाणिकपणे सांगता येणार नाही.

"नाही, मामा," मी म्हटलं.

"नाही ना?" ते म्हणाले. त्यांनी मोठा श्वास सोडला. "म्हणजे कोणालाच सांगितलं नाही तिनं. मग मला तरी कसं कळणार हो? बोलताच येत नव्हतं तिला. कसं कळणार?" आणि मामी गेल्यापासून पहिल्यांदाच ते रडले, तोंडावर पंचा धरून, लहान आवाजात. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. मग तिथेच बसून राहिलो.